न उतरलेला काळा

दामण्णा कुठल्याही काळ्याला नुसतं काळा म्हणत नसत. काळा कोट घातलेला कुणी गल्लीतून गेला, की ते आपल्या रंगशाळेच्या दारातल्या दगडावर बसल्या बसल्या डोळे बारीक करत आणि शेजारी जो असेल त्याला सांगत, हा जर्मन डब्यातला, दोन पावसाळ्यांत जांभळा पडणार. किंवा, हा हिरड्याचा खरा, पण लोखंडाचं पाणी पुरतं मुरलं नव्हतं, रंगाऱ्यानं घाई केली. कोट घालणारा दरबारातला बडा अमलदार असला तरी त्याच्या हुद्द्याशी यांना काही कर्तव्य नसे. "काळा काळा काय म्हणतोस रे," ते मला म्हणत, "आंधळ्याला दिसतो तो एक काळा. डोळे असलेल्याला पन्नास दिसायला पाहिजेत." पन्नास हा त्यांचा आवडता आकडा होता. मी त्यांच्याकडून सात-आठ काळे शिकलो असेन. शेवटचा त्यांनी मला शिकवला तो इस्पितळाच्या व्हरांड्यात, आणि तो त्यांच्या स्वतःच्या पोटातून निघाला होता.

म्हैसुरातल्या विठोबाच्या देवळामागची आमची गल्ली शिंप्यांची आणि रंगाऱ्यांची. पिढ्यान्पिढ्या इथंच राहिलेले लोक आम्ही. घरात मराठी, दारात कन्नड, आणि भांडण असलं की दोन्ही. दामण्णांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत होती. माझे वडील कोट शिवत, दामण्णा ते रंगवत. दसऱ्याच्या दरबाराला जाणाऱ्या मंडळींना लांब काळा कोट लागे, आणि वर्षभर पेटीत पडून विटलेले ते कोट श्रावण-भाद्रपदात दामण्णांच्या हौदांत येऊन पडत. माणूस उंच, खांद्यात वाकलेला. मिशा पांढऱ्या, पण टोकं कायम करडी, कारण विचार करताना रंगाच्या हातानंच ती पिळायची सवय. बायको रखमाक्का त्यांच्या निम्म्या उंचीची आणि दुप्पट आवाजाची. मूलबाळ नव्हतं. भिंतीपलीकडचा मी दोघांनाही पुरत असे.

रंगशाळेत दगडी हौद होते. एकात हिरड्याचं पाणी, दुसऱ्यात लोखंडाचं: गंजके खिळे, घोड्यांचे झिजलेले नाल आणि गूळ घालून महिनाभर आंबवलेलं, वासानं डोळ्यांत पाणी आणणारं. कापड एकातून काढून दुसऱ्यात घालायचं आणि वर उभं राहून तुडवायचं. हातानं चोळलेला रंग वरवर बसतो, पायांनी तुडवलेला आत जातो, असं दामण्णांचं ठाम मत होतं. त्यामुळे त्यांचे पाय घोट्यापर्यंत काळेभोर. त्यांचेच नव्हे, गल्लीतल्या सगळ्या रंगाऱ्यांचे तसेच. नवी सून आली की 'अजून पाय गोरे आहेत' म्हणून महिनाभर तिची थट्टा चाले. वर्षातून एकदाच हे पाय उजळत. नवरात्र बसायच्या आधी दरबारी कोट पोचते झाले की हौद रिकामे करून घासायचे, आयुधपूजेला त्यांना हळदकुंकू लावायचं आणि कोजागिरी होईतो रंगाला शिवायचं नाही. तेवढ्या दिवसांत कातडीवरचा रंग झिजून जाई, आणि दसऱ्याला आमच्या लोकांचे पाय चारचौघांसारखे दिसत.

दामण्णांची आणखी एक रीत मी मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. तयार कापड ते गिऱ्हाइकापुढे धरत आणि गप्प बसत. कसं झालंय, पसंत आहे का, असं त्यांनी जन्मात कुणाला विचारलं नाही. विचारणं त्यांना भीक मागितल्यासारखं वाटे. खोट दिसली तर गिऱ्हाईक बोलेल, गप्प राहिलं तर पसंत. एकदा एक अमलदार टांग्यातून उतरलेच नाहीत. कोट पुढे आल्याबरोबर बसल्या जागेवरून छान छान म्हणाले. दामण्णांनी कोटाची परत घडी घातली. न बघता छान म्हणालात, उद्या न बघता वाईट म्हणाल, असं त्यांना तोंडावर सांगितलं. शेवटी त्या गृहस्थांना खाली उतरून, उन्हात उभं राहून बाहीपासून कॉलरपर्यंत सगळा कोट बघावा लागला. माझे वडील भिंतीआड कपाळाला हात लावून बसले होते. दामण्णांचा या बाबतीतला शब्द एकच होता, "नोडु." म्हणजे बघ. हा एवढासा कन्नड शब्द ते इतक्या वेळा उच्चारत, की त्यांच्या माघारी गल्ली त्यांना नोडुअण्णाच म्हणे.

मी डॉक्टरी शिकायला मद्रासला निघालो, तेव्हा निरोप घ्यायला रंगशाळेत गेलो. त्यांनी आशीर्वाद वगैरे काही दिला नाही. दोन काळ्या चिंध्या माझ्या हातात दिल्या आणि यातली जुनी कुठली ते सांग म्हणाले. मी सावलीत उभा होतो. उजवीकडची, म्हणून सांगून टाकलं. त्यांनी मला दंडाला धरून उन्हात नेलं, दोन्ही चिंध्या दगडावर वाळत टाकल्या आणि वाळेपर्यंत मला तिथंच थांबवून घेतलं. वाळल्यावर डावी जुनी निघाली. "ओला रंग खोटं बोलतो," ते म्हणाले, "आणि सावली त्याला साथ देते. उन्हात वाळव, मग बघ, मग बोल. माणसाचंही तसंच असणार." मी तेव्हा वीस वर्षांचा शहाणा होतो. मद्रासला काचेतून रक्ताचा थेंब हजारपट मोठा करून बघतात, तिथं ऊन लागत नाही, असं मी त्यांना ऐकवलं. त्यांना ते फार आवडलं. पुढं कित्येक दिवस ते लोकांना सांगत होते, आमचा गोविंदा हजारपट बघायला गेलाय.

मी परत आलो तेव्हा युरोपात लढाई चालू होती. जर्मन रंगांचे डबे यायचे बंद झाले होते आणि दामण्णांच्या हिरड्याला पुन्हा मान आला होता. मला म्हैसुरातल्याच एका इस्पितळात जागा मिळाली. पहिलाच दसरा. महाराजांची स्वारी बन्नीमंटपाकडे निघून गेल्यावर आमच्या गल्लीत शमीची पानं वाटत थोरामोठ्यांच्या पाया पडायची पद्धत होती. दामण्णा नेहमीच्या दगडावर बसले होते, अंगात धुतलेला सदरा, पाय स्वच्छ. मी पानं हातात दिली. त्यांनी डावं पाऊल पुढं काढलं, जरासं वळवून, टाचेची आतली बाजू वर येईल असं धरलं. मी वाकलो, दोन्ही हातांनी ते पाऊल धरलं, त्यावर डोकं ठेवलं. पाया पडताना माझे डोळे मिटतात. तुमचेही मिटत असतील. मी उठलो तरी पाऊल तिथंच होतं. त्यांनी ते जरा जास्तच वेळ तसं ठेवलं, एवढं मला आठवतं. ते काही बोलले नाहीत, आणि मीही बोललो नाही. मग त्यांनी पाऊल मागे घेतलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. डॉक्टर झालेल्या मुलाच्या नमस्काराचं त्यांना अप्रूप वाटतंय, असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा आनंद झाला.

दोन वर्षांनी एका एकादशीच्या भजनात त्यांचा पखवाज थांबला. चाळीस वर्षं न थांबलेला हात मांडीवर पडला होता आणि ओठ कागदासारखे दिसत होते. मी तिथंच पापणी खाली ओढून बघितली. आत रक्त म्हणून नव्हतं. कारण शोधायला मला फार वेळ लागला नाही. अनवाणी, ओल्या मातीत वावरणाऱ्या माणसांच्या पोटात जंत होतात, ते रक्त पितात, अशी माणसं इस्पितळात दिवसाला दहा येत. मी जंतांचं औषध दिलं आणि रक्त वाढायला लोखंडाचं मिश्रण दिलं. दामण्णांना मौज वाटली. आजवर लोखंड पायांनी तुडवलं, आता तोंडानं पितो, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले.

पंधरा दिवसांनी रखमाक्का आमच्या दारात आल्या. इतका मोठा आवाज असलेली बाई कुजबुजत होती. दामण्णांना परसाकडे काळं होतंय, डांबरासारखं, असं त्यांनी मला सांगितलं. मी हसलो. लोखंडाचं औषध चालू असलं की असं होतंच, हे मद्रासला पहिल्या वर्षात शिकवतात. तसं समजावून मी त्यांना परत पाठवलं. त्या गेल्या, पण दुसऱ्या दिवशी सकाळी दामण्णांनी मला बोलावून घेतलं. रंगशाळेच्या मागे उन्हात, दगडावर, दोन पांढऱ्या चिंध्या वाळत टाकलेल्या होत्या. दोन्हींवर काळे डाग होते.

"हा माझ्या हौदातल्या लोखंडाचा," पहिल्या चिंधीकडे बोट करून ते म्हणाले. "दुसरा कुठला ते विचारू नको. पाणी घालून पसरलाय. कडा नोडु."

मी बघितलं. पहिल्या डागाची कड हिरवट राखाडी होती. दुसऱ्याची कड विटेसारखी तांबडी.

"लोखंडाचा काळा हिरव्यावर जातो. चाळीस वर्षं बघतोय. हा लोखंडाचा नव्हे, गोविंदा. यात रक्त आहे."

मला त्या क्षणी जे वाटलं त्याला लाज हा शब्द पुरणार नाही. पुस्तकात होतं सगळं. आतड्यात वर कुठं रक्त वाहिलं तर खाली ते काळं होऊन येतं, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पण मी बघितलं नव्हतं, ऐकूनच सांगून टाकलं होतं. दामण्णांनी मला बोल लावला नाही. चिंध्या उचलून चुलीत टाकल्या, हात राखेनं घासले आणि मग काय करायचं म्हणतोस, असं साधेपणानं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा ते मला काहीतरी विचारत होते, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

आमच्या इस्पितळातले मोठे सर्जन तमिळ होते, कमी बोलणारे, हात अत्यंत हलका. त्यांनी दामण्णांचं पोट बराच वेळ चाचपलं. बेंबीच्या उजवीकडे एक गोळा लागे, कधी लागे, कधी नाहीसा होई. जांघेत गाठी होत्या, पण अनवाणी चालणाऱ्यांच्या जांघेत गाठी असायच्याच, त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. सर्जनांना आतड्याच्या क्षयाचा संशय होता. आमच्याकडे पोटातल्या दहा गोळ्यांपैकी आठ क्षयाचेच निघत, तेव्हा त्यांचंही चुकलं असं म्हणता येत नाही. थोडे दिवस वाट बघायची ठरली. पण चौथ्या दिवशी सकाळी दामण्णांना उलट्या सुरू झाल्या, पोट फुगलं, आणि दुपारच्या आत त्यांना टेबलावर घ्यावं लागलं.

मी मदतीला उभा होतो. पोट उघडल्यावर दिसलं की लहान आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरून बसलाय, उलटी बाही आत ओढली जावी तसा. सर्जनांनी तो हलक्या हातानं सोडवला. ज्याच्यामुळे तो आत ओढला गेला होता ती गाठ बोटांना लागत होती. त्यांनी तेवढा वीतभर भाग कापून काढला, दोन्ही टोकं जोडली आणि मग कापलेला तुकडा तबकात उभा चिरला. आत लिंबाएवढी एक गाठ आणि तिच्या बाजूला जांभळाएवढ्या दोन. तिन्ही काळ्या. साकळलेलं रक्त असेल म्हणून त्यांनी मोठी गाठ कापली, तर आतूनही ती तशीच होती, आणि सुरीचं पातं पुसलं त्या फडक्यावर शाई सांडल्यासारखा डाग पडला. आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यावर मोहरीएवढे काळे ठिपके विखुरलेले होते. ते काढण्यासारखे नव्हते.

तेव्हा त्याला काळा सार्कोमा म्हणत. हल्ली मेलानोमा म्हणतात, कॅन्सरचाच एक प्रकार. सर्जनांनी तो पुस्तकात वाचला होता, आतड्यात कधी बघितला नव्हता. हा रोग बहुतेक कातडीवरच्या किंवा डोळ्यातल्या काळ्या डागापासून निघतो आणि मग आत उतरतो. टाके घालता घालता त्यांनी मला विचारलं, या माणसाच्या अंगावर कुठं तीळ, डाग, कधी कापलेला मस असं काही आहे का? मी ठामपणे नाही म्हणालो. जन्मापासून ओळखतो, एका भिंतीपलीकडे वाढलो, असंही वर सांगितलं. चादरीच्या टोकाला दामण्णांचे पाय उघडे होते. आदल्याच आठवड्यापर्यंत ते अंगात बळ नसताना हौदात उतरत होते, त्यामुळे पाय घोट्यापर्यंत काळे होते, रंगाऱ्याचे असतात तसे.

माझ्या शब्दावर विसंबून सर्जनांनी नोंद केली की रोग आतड्यातच उगम पावला. असं फारच क्वचित घडतं. त्यावर एक लेख लिहून मद्रासला पाठवायचं त्यांनी ठरवलं, आणि त्या कमी बोलणाऱ्या माणसाचा चेहरा जरा उजळलेला मला दिसला. त्यांना दोष देत नाही. मला स्वतःलाच आतून कुठंतरी वाटत होतं, की दुर्मीळ आहे म्हणजे कुणाला कळण्यासारखं नव्हतं. मी त्या विचाराला चांगले तीन आठवडे धरून बसलो.

दामण्णा सावरले. पेज खाऊ लागले, वॉर्डातल्या भिंतींचा चुना कुणी कच्चा लावला यावर बोलू लागले. टाके निघाल्यावर त्यांनी मागणी केली की पोटातून काय काढलं ते मला दाखवा. रखमाक्कांनी कानांवर हात ठेवले. सर्जनांनी परवानगी दिली, आणि मी स्पिरिटमध्ये ठेवलेल्या त्या गाठीची बाटली घेऊन व्हरांड्यात गेलो. दामण्णा उन्हात बाकावर बसले होते, गुडघ्यांवर चादर. त्यांनी बाटली हातात फिरवून बघितली आणि परत दिली. ओलं आहे, म्हणाले, एवढ्यावर काय सांगू. शेवटी मी चिमट्यानं कडेचा एक लहान तुकडा काढून पांढऱ्या फडक्यावर ठेवला आणि ते फडकं आम्ही कठड्यावर उन्हात ठेवलं. वाळेपर्यंत तिघेही तिथंच थांबलो. रखमाक्का पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या.

दामण्णा वाकले. डोळे बारीक केले, फडकं डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं. मग त्यांनी गुडघ्यावरची चादर बाजूला केली आणि डावं पाऊल बाकावर, फडक्याशेजारी ठेवलं. तीन आठवडे हौदापासून दूर राहून पाय स्वच्छ झाले होते. टाचेच्या आतल्या कडेला चिंचोक्याएवढा एक काळा डाग होता, कडा वेड्यावाकड्या, मधे एक जुनी खपली.

"एकच आहे," ते म्हणाले. "तपकिरीवर जातोय, दोन्हीकडे सारखा. हा माझ्या हौदातला नव्हे."

मी विचारलं की हा डाग कधीपासून आहे.

त्यांनी आश्चर्यानं माझ्याकडे बघितलं. "तू बघितलास की. मद्रासहून आलास त्या दसऱ्याला. दोन हातांनी धरून, डोळ्यांजवळ नेऊन बघितलास."

रखमाक्का म्हणाल्या, "मी येलवालच्या वैद्याकडे चला म्हणत होते. दोनदा रक्त आलं त्यातून. हे म्हणाले, साकु, पुरे झालं, आपल्या डाक्टरानं बघितलंय, त्याला खोट दिसली असती तर बोलला असता. मग मी गप्प बसले."

व्हरांड्यात ऊन पडलं होतं. खाली टांगेवाले गिऱ्हाइकांवरून भांडत होते. मी खोटं बोलू शकलो असतो. तेव्हा लहान होता, असं म्हणता आलं असतं. पण त्या माणसापुढे ओला रंग चालत नसे.

"दामण्णा, मी बघितला नव्हता," मी म्हणालो. "मी नमस्कार केला होता. डोळे मिटून."

ते बराच वेळ मिशीचं टोक पिळत राहिले. आता त्या टोकाला रंग लागत नव्हता. "मी पाय पुढं धरला," ते हळूहळू म्हणाले, "तू काही बोलला नाहीस. मला वाटलं, पसंत." मग त्यांनी चादर परत पायांवर ओढली आणि घरी कधी सोडणार ते विचारलं.

त्याच दुपारी मी सर्जनांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी भिंग घेऊन टाच बघितली, जांघेतल्या गाठी दाबून बघितल्या, आणि टेबलावरचे लेखाचे कागद उचलून खणात टाकले. टाच आणि गाठी कापून काढता येतील, पण पोटात जे विखुरलंय त्याला कापणं पोचणार नाही, एवढं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं आणि ते दामण्णांना सांगायचं काम माझ्यावर ठेवलं. मी सांगितलं. पाय कापला तर आतला काळा थांबेल का, असं दामण्णांनी विचारलं. मी नाही म्हणालो. मग पाय राहू दे, म्हणाले, हौदात उभं राहायला लागतो.

सहा महिने मिळाले. पहिले दोन बरे गेले. ते रंगशाळेत जात, हौदाच्या काठावर बसत, रंगाऱ्यांना ओरडत. मग कातडीखाली निळसर काळ्या गोळ्या दिसू लागल्या, आधी पोटावर, मग दंडावर, मग गळ्यापाशी. मी रोज सकाळी इस्पितळात जाण्याआधी भिंत ओलांडून जाई. करण्यासारखं काही नव्हतं. दुखायचं थांबवायला अफूचा अर्क देई. सवयीनं मी पायांकडे वाकलो की ते पाय ओढून घेत. "डोकं नको ठेवू. नोडु," म्हणत, आणि आदल्या दिवसानंतर उगवलेली नवी गोळी मला दाखवत. कुठली कालपेक्षा मोठी, कुठली नुसती गडद झालीय, हे ते माझ्याकडून वदवून घेत. चुकलो तर खिडकी उघडायला लावत, उजेड नीट येऊ दे म्हणत. मला शिक्षा करायचा त्यांचा विचार नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. त्यांना फक्त मी बघायला शिकावं असं वाटत होतं, आणि दाखवायला दुसरं काही त्यांच्याकडे उरलं नव्हतं. मला मात्र ती सकाळची पंधरा मिनिटं दिवसभर पुरत. मी त्यांच्यासाठी रडलो तो बाहेर येऊन, त्यांच्यासमोर कधीच नाही, कारण पाण्यानं भरलेल्या डोळ्यांना दिसत नाही.

त्या वर्षीचे दरबारी कोट त्यांनी दुसऱ्याच्या पायांनी तुडवून घेतले. एक कोट खाटेवर मागवला, खिडकीत धरायला लावला, आणि काहीच बोलले नाहीत. रंगाऱ्यांनी तो पसंत म्हणून पोचता केला. नवरात्र बसायला आठ दिवस असताना, दुपारी, जेवणाची पानं मांडली जात असताना दामण्णा गेले.

आमच्यात माणूस गेला की गल्लीतला प्रत्येकजण त्याच्या पायांवर डोकं ठेवतो. लोक येत होते, वाकत होते, डोळे मिटत होते, उठत होते. कित्येक महिने रंगात न उतरलेले ते पाय अगदी स्वच्छ होते, आणि डाग आता रुपयाएवढा झाला होता. तो एकालाही दिसला नाही. माझी पाळी आली तेव्हा मी वाकलो, दोन्ही हातांनी पाऊल धरलं आणि डोळे उघडे ठेवले. मागचे लोक खोळंबले. शेवटी रखमाक्कांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बास रे आता, म्हणाल्या.

त्यालाही आता खूप वर्षं झाली. माझ्याकडे कुठलाही रोगी आला, खोकल्याचा असो की तापाचा, मी आधी त्याला खुर्चीवर बसवतो, स्वतः खाली जमिनीवर बसतो आणि त्याची पावलं उजेडाकडे वळवून धरतो. इस्पितळात याची थट्टा होत असे. आता माझ्या वयाकडे बघून कुणी करत नाही. तो काळा मला नंतर तीनदा दिसला. दोघांच्या बाबतीत उशीर झालेला होता. तिसरा बन्नूरचा एक उसवाला. त्याचं पाऊल कापावं लागलं. तो कुबडी घेऊन अजून शेतावर जातो आणि दर सुगीला मला गूळ आणून देतो.

म्हाताऱ्या बायका मात्र हमखास पाय मागे ओढतात. डॉक्टरनं आपल्या पायांशी बसावं हे त्यांना पाप वाटतं. अय्यो, नमस्कार कसला करता, म्हणून त्या हात जोडतात. मी पाऊल सोडत नाही.

"नमस्कार नाही करत, अम्मा," मी त्यांना सांगतो. "बघतोय."